खुब्याच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र
(वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञांची उत्तरं)

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदलला. भूल कमरेतून दिली होती, शिवाय 'दुखू नये म्हणून जांघेत एक ब्लॉक, म्हणजे नसा बधिर करणारं इंजेक्शन, देतो' असं भूलतज्ज्ञांनी सांगितलं होतं. रात्री त्या अगदी शांत होत्या. सिस्टर गोळी घेऊन आल्या तेव्हा 'दुखतच नाहीये, तर कशाला?' म्हणाल्या. आम्हीही आग्रह केला नाही. पहाटे मात्र दुखणं असं उसळलं की त्या रडायला लागल्या. मांडीची बाहेरची बाजू बधिर होती आणि पाय उचलता येत नव्हता, ते वेगळंच. ब्लॉक फसला होता का? आता उजव्या खुब्याचा सांधा झिजल्यामुळे तोही बदलायला सांगितलाय. शेजारच्या काकू म्हणतात, नसेपाशी सुई गेली की पाय कायमचा लुळा पडतो. पुन्हा ब्लॉक घ्यावा का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ब्लॉक फसला नव्हता. उलट तो चांगला लागला होता, म्हणून तर त्या रात्री शांत होत्या. तो उतरला तेव्हा त्याची जागा घ्यायला अंगात दुसरं कुठलंच औषध नव्हतं, आणि पहाटेचा त्रास त्यामुळे झाला.

वेळेचा हिशेब मांडून बघा. कमरेतून दिलेली भूल ऑपरेशनपुरती असते, साधारण दोन ते चार तासांत पाय पुन्हा हलायला लागतात. जांघेतला ब्लॉक त्यानंतरच्या दुखण्यासाठी असतो. त्यात बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन यांसारखं औषध वापरतात. एका इंजेक्शनचा परिणाम माणसागणिक बदलतो, पण साधारणपणे ८ ते १६ तास टिकतो. दुपारी तीनच्या आसपास दिलेला ब्लॉक पहाटे तीन-चारला उतरणार, हे ठरलेलंच. वॉर्डात नेमकी तीच वेळ सर्वांत सुनसान असते. सिस्टर एकट्या, नातेवाईक डुलक्या घेत असलेले, आणि सासूबाईंसारखी बाई 'कशाला कुणाला उठवायचं' म्हणून आणखी अर्धा तास दात आवळून पडून राहते.

शिवाय ब्लॉक उतरताना दुखणं हळूहळू वाढत नाही, पुष्कळदा एकदम येतं. दहापैकी शून्यावरून थेट आठावर गेलेलं दुखणं मनालाही धक्का देतं. म्हणून गोळी ब्लॉक चालू असतानाच पोटात जायला हवी. दुखत नसताना घ्यायची गोळी, हे आपल्या घरच्या शिकवणीच्या अगदी उलट आहे, हे मला ठाऊक आहे. पण मी प्रत्येक पेशंटच्या मुलीला आणि सुनेला बजावून सांगते : पहिले दोन दिवस पॅरासिटामॉल घड्याळ बघून द्यायचं, दुखण्याकडे बघून नाही. मात्रा डॉक्टर वजन आणि यकृताची तब्येत बघून ठरवतील. वजन ५० किलोच्या आत असलेल्या बाईला एक ग्रॅमचा डोस सरसकट देत नाहीत.

आता बधिरपणाबद्दल. खुब्याच्या सांध्याला एकाच नसेकडून संवेदना मिळत नाही. पुढच्या बाजूला फिमोरल आणि ऑब्च्युरेटर या नसांच्या फांद्या येतात, काही जणांत ऑब्च्युरेटरची एक जादा नसही असते. मागच्या बाजूला सायटिकच्या बाजूच्या फांद्या. कातडीची संवेदना आणखी वेगळ्या नसांकडे. मांडीच्या बाहेरच्या बाजूची कातडी एका स्वतंत्र नसेच्या ताब्यात असते आणि टाके बहुधा तिथेच असतात. सासूबाईंना दिलेला ब्लॉक बहुतेक फॅशिया इलियाका नावाचा असावा. त्यात जांघेच्या थोडं वर किंवा खाली, स्नायू आणि त्याच्यावरचं पातळ आवरण यांच्यामध्ये औषध सोडतात. अभ्रा आणि उशी यांच्यामध्ये पाणी पसरावं तसं ते पसरतं आणि वाटेतल्या फिमोरल व मांडीच्या बाहेरच्या नसेपर्यंत पोचतं. म्हणजे सुई प्रत्यक्ष नसेत घालायचीच नसते, ती नसेपासून बाजूला असते. हा ब्लॉक १९८९ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी मुलांसाठी मांडला होता. आज तो सर्वांत जास्त कामाला येतो तो आपल्या आजी-आजोबांच्या.

मांडीची बाहेरची बाजू बधिर होती, कारण तिथल्या नसेपर्यंत औषध पोचलं होतं. पाय उचलता येत नव्हता, कारण फिमोरल नस मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूलाही चालवते. दोन्ही गोष्टी औषध उतरलं की जातात, पण सगळं एकाच घटकेला जात नाही. दुखणं परत आलं तरी बधिरपणा आणि अशक्तपणा काही तास रेंगाळू शकतो. दोन दिवसांनंतरही बधिरपणा राहिला किंवा गुडघा सरळ करण्याची ताकद आली नाही, तर मात्र वाट न बघता भूलतज्ज्ञांना कळवायचं.

या अशक्तपणामुळे एक पथ्य फार काटेकोरपणे पाळावं लागतं. ब्लॉक चालू असताना पेशंटने एकट्याने उठायचं नाही. दुखत नाही म्हणून ती निघते, आणि गुडघा अचानक वाकतो. रात्री बाथरूमला जायचं म्हणून वॉर्डातल्या मावशींना हाक मारायला संकोचणाऱ्या बायका मी फार बघितल्या आहेत. त्यांना आधीच सांगून ठेवा की हाक मारायचीच. पहिल्यांदा उभं राहताना फिजिओथेरपिस्ट आणि वॉकर हवाच, शिवाय दुसरं माणूसही जवळ हवं.

२०१८ साली टोरँटोच्या डॉक्टरांनी एक नवीन ब्लॉक मांडला, पेंग या नावाने तो ओळखला जातो. त्यात सांध्याच्या पुढच्या पिशवीकडे जाणाऱ्या बारीक फांद्याच गाठतात, त्यामुळे मांडीची ताकद बरीच शाबूत राहते. बरीच म्हणते, पूर्ण नाही. औषध जास्त पसरलं तर स्नायू ढिला पडतोच. शिवाय टाक्यांच्या कातडीला हा ब्लॉक पोचत नाही, म्हणून मांडीच्या बाहेरच्या नसेसाठी बरेचदा वेगळं इंजेक्शन जोडतात. कुठल्याही ब्लॉकने खुब्याचं सगळंच दुखणं जात नाही, नितंबाच्या बाजूचं तर नाहीच.

मग घ्यायचा कशाला? यावर माझं मत ठाम आहे, आणि तुमच्या सासूबाईंच्या डाव्या खुब्यासारख्या मोडलेल्या हाडाच्या बाबतीत तर फारच ठाम आहे. हाड मोडलेलं असताना नुसतं पडून राहिलं तर एक वेळ सोसतं. जीव जातो तो हलवताना. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याचा अरुंद जिना उतरवायचा, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं, मग ॲम्ब्युलन्स, मग स्ट्रेचर, एक्स-रेचं टेबल, आणि शेवटी कमरेतून भूल देण्यासाठी कुशीवर वळवणं. खरं म्हणजे ब्लॉक कॅज्युअल्टीत पोचल्यावर लगेच मिळायला हवा, ऑपरेशनच्या वेळेपर्यंत थांबायचं कारणच नाही. मी थिएटरात निदान एवढं नेमाने करते : कुशीवर वळवण्याआधी ब्लॉक देते आणि वीसेक मिनिटं थांबते. सर्जन घाई करत असले तरी थांबते. त्या वीस मिनिटांनंतर जी आजी हात लावू देत नव्हती ती स्वतःहून वळायला मदत करते.

दुसरं कारण डोकं ताळ्यावर राहण्याचं. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी बऱ्याच जणांना ऑपरेशनच्या आगेमागे भ्रम होतो. रात्री उठून बसतात, सलाईन उपटतात, मेलेल्या नवऱ्याला हाक मारतात. घरचे घाबरून जातात, 'आईला वेड लागलं का' विचारतात. त्यामागे दुखणं असतं, झोप नसते, चष्मा आणि कानाचं यंत्र घरी राहिलेलं असतं, आणि पुष्कळदा ट्रॅमाडॉलसारखी गुंगी आणणारी औषधं असतात. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने खुब्याच्या फ्रॅक्चरमधल्या ब्लॉकवरचे ४९ अभ्यास एकत्र तपासले. ब्लॉक घेतलेल्यांना अर्ध्या तासात हलतानाचं दुखणं कमी झालं, भ्रम कमी जणांना झाला, आणि छातीचा जंतुसंसर्ग बहुधा कमी होतो असंही दिसलं. छातीचा संबंध सरळ आहे. दुखत असलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून बसत नाही, आणि कफ साचतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्याकडे नातेवाईक 'पेनकिलरचं इंजेक्शन द्या ना' म्हणून मागे लागतात, आणि त्यांच्या मनात डायक्लोफिनॅक असतं. ७८ वर्षांची, आधीच दोन घास खाणारी, पाणी कमी पिणारी, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेली बाई. तिच्या मूत्रपिंडावर आणि जठरावर त्या इंजेक्शनने काय बेतू शकतं हे आम्ही प्रत्यक्ष बघतो. खुबा मोडलेल्या वृद्धांना या जातीची औषधं शक्यतो टाळावीत, असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. ब्लॉकमुळे त्यांची गरजच कमी पडते, आणि मला ब्लॉक महत्त्वाचा वाटतो तो यासाठीसुद्धा.

काकूंच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही, पण तिचं माप चुकलंय. ब्लॉकनंतर काही आठवडे मुंग्या किंवा थोडा बधिरपणा राहणं काही जणांत दिसतं आणि ते बहुतेकांत आपोआप जातं. नसेला कायमची इजा होण्याचं प्रमाण सर्वसाधारणपणे २,००० ते ५,००० ब्लॉकमागे एक असं धरलं जातं. तेवढा धोका आहे, तो तुम्हाला सांगितलाच पाहिजे. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक बघत दिलं तर सुई कुठे आहे आणि औषध कुठे पसरतंय ते दिसतं. दुसरा धोका औषध चुकून रक्तात जाण्याचा किंवा मात्रा जास्त होण्याचा. म्हणून वजनानुसार मात्रा काढतात, थोडं थोडं देतात, मध्ये मध्ये सुई मागे ओढून रक्त येत नाही ना बघतात, आणि उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन नावाचं पांढरं सलाईन हाताशी ठेवतात. पेशंट जागा असेल तर त्याने तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव किंवा कानात आवाज जाणवला तर लगेच बोलायचं. 'सहज वाटलं असेल' म्हणून गप्प बसायचं नाही.

आता उजवा खुबा. हे ऑपरेशन ठरवून होणार आहे, हाड मोडलेलं नाही, त्यामुळे गणित थोडं बदलतं. पूर्ण सांधा बदलताना ब्लॉकला पर्याय आहे. सर्जन टाके घालण्याआधी सांध्याभोवती तेच बधिर करणारं औषध ठिकठिकाणी टोचतात. दोन्हींपैकी एक नीट केलं तर पुरतं. पण सर्जन टोचणार आणि भूलतज्ज्ञही ब्लॉक देणार असतील, तर दोघांच्या औषधाची मिळून एकच मर्यादा असते, हे त्यांनी एकमेकांत आधी ठरवलेलं हवं. आणि ज्या ऑपरेशननंतर त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी चालवायचं आहे, तिथे मी मांडी ढिली पाडणारा ब्लॉक टाळते, पेंग किंवा सांध्याभोवतीचं औषध निवडते. तुमच्या भूलतज्ज्ञांची निवड वेगळी असू शकते, त्यांच्या हाताला जे रुळलंय तेच चांगलं.

फिजिशियनच्या फिटनेससाठी लोक हेलपाटे घालतात, आणि भूलतज्ज्ञांची तपासणी, म्हणजे पीएसी, मात्र सही घेण्यापुरती उरकतात. तसं करू नका. सासूबाईंना घेऊन जा, डाव्या खुब्याच्या वेळचा अनुभव जसा मला लिहिलात तसाच सांगा, आणि विचारा : ब्लॉक किती वाजता उतरेल, त्याच्या आधी कुठली गोळी किती वाजता द्यायची, रात्री दुखलं तर त्यावर काय लिहून ठेवलंय. 'त्यावर काय लिहून ठेवलंय' हे जरूर विचारा. चार्टवर औषध लिहिलेलं असेल तर सिस्टर लगेच देऊ शकतात, नसेल तर पहाटे डॉक्टरांना फोन लागेपर्यंत पेशंट तळमळतो.

हो, ब्लॉक घ्या.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे. अँजिओप्लास्टी झाली आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. खुब्याचं फ्रॅक्चर झालं तर त्यांना ब्लॉक देता येतो का? पूर्ण भूल देणं धोक्याचं नाही का?
— निगडी

उत्तर : कमरेतली भूल आणि जांघेतला ब्लॉक यांत इथे मोठा फरक आहे. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कमरेत सुई घालण्याआधी साधारण पाच ते सात दिवस गोळी बंद हवी, कारण मणक्याच्या आत रक्त साचलं तर ते दाबून थांबवता येत नाही. पण खुबा मोडलेल्या माणसाला इतके दिवस ताटकळत ठेवणं त्याच्या जिवाला जास्त महाग पडतं. अशा वेळी पूर्ण भूल आणि सोबत फॅशिया इलियाका ब्लॉक, असा मार्ग बरेच जण घेतात. हा ब्लॉक वरच्या थरात असतो, रक्त आलं तर बाहेरून दाबता येतं. अर्थात मोठ्या रक्तवाहिनीशेजारी सुई जाते, म्हणून निर्णय भूलतज्ज्ञांचाच.

पूर्ण भुलीची भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. २०२१ साली अमेरिका-कॅनडातल्या रीगेन या मोठ्या अभ्यासात खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी दोन्ही प्रकारच्या भुलींची तुलना झाली. साठ दिवसांनी चालू शकणं आणि मृत्यू यांत कमरेतली भूल सरस ठरली नाही.

गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट बसवलेल्या माणसात तो वेगळाच धोका आहे. गोळ्यांची पाकिटं आणि शेवटची गोळी कधी घेतली ते लिहिलेला कागद सोबत न्या.

प्रश्न : आमच्या छोट्या रुग्णालयात भूलतज्ज्ञांकडे सोनोग्राफी मशीन नाही. ब्लॉक मिळेल का?
— सासवड

उत्तर : मिळू शकतो. लिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ साली जो कायदा झाला, त्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, ते नसा बघण्यापुरतं वापरायचं असलं तरीही. हा कायदा मुलींसाठी आहे आणि तो कडकच हवा. पण त्यामुळे मशीन पिशवीत घालून या रुग्णालयातून त्या रुग्णालयात फिरणं भूलतज्ज्ञांना शक्य नसतं, आणि लहान गावांत ते नसण्यामागे हेही एक कारण आहे.

फॅशिया इलियाका ब्लॉक मुळात मशीनशिवायच सुरू झाला. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून जघनाच्या हाडापर्यंत रेघ धरायची, तिचे तीन भाग करायचे, बाहेरचा तिसरा भाग जिथे संपतो त्याच्या किंचित खाली बोथट सुई घालायची. दोन आवरणं फुटल्याचे दोन हलके झटके हाताला कळतात. अनुभवी हाताने दिला तर तो बऱ्याच वेळा लागतो, मात्र पडद्यावर बघून दिलेल्याइतकी खात्री नाही. पेंग ब्लॉक मात्र सोनोग्राफीशिवाय कुणी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश आहे. ऑपरेशन झालं, पण दुखतं का विचारलं तर 'नाही' म्हणते. तिला दुखतंय हे ओळखायचं कसं?
— शनिवार पेठ

उत्तर : तिच्या 'नाही'वर विसंबू नका, तिच्याकडे बघा. बघायचं तेही पडून असताना नाही, कूस बदलताना किंवा बसवताना. श्वास जोरात किंवा अडखळत चालतो का, कण्हते का, कपाळाला आठ्या पडतात का, मुठी आवळते किंवा तुमचा हात झटकते का, आणि जवळ बसून पाठीवरून हात फिरवला तरी शांत होत नाही का. यांतल्या दोन-तीन गोष्टी दिसल्या तर दुखतंय असंच समजा आणि सिस्टरना सांगा. अशा पेशंटना गोळी 'लागली तर' म्हणून लिहून उपयोग नसतो, कारण त्या मागणारच नाहीत. ती ठरलेल्या वेळेला नियमित लिहून घ्या. तिचा चष्मा आणि कानाचं यंत्र घरून आणा, रात्री ओळखीचा एक माणूस शेजारी ठेवा, आणि एकाएकी चिडचिड वाढली तर झोपेचं इंजेक्शन मागण्याआधी लघवी तुंबलीय का, पोट साफ झालंय का, हे तपासायला सांगा.